पनवेलकर पनवेल पाहतात

हायम पनवेलकरांनी पनवेल पाहिलं नव्हतं. जन्म पनवेलचा, शाळा पनवेलची, नोकरी पनवेलच्या कचेरीत आणि लग्नाची वरातही पनवेलातच, या आळीतून त्या आळीत. तरीही पाहिलं नव्हतं. घरापासून कचेरीपर्यंत एक रस्ता आणि घरापासून यहुदी प्रार्थनालयापर्यंत दुसरा, एवढ्यावर त्यांचं सगळं आयुष्य उरकलं होतं. हे दोन्ही रस्ते पिंपळापर्यंत एकच आहेत आणि पुढे फुटतात. तेव्हा नीट हिशेब केला तर तो दीडच रस्ता भरेल.

ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती सत्तावन्न सालच्या पौषात, पासपोर्ट हातात पडला त्या दिवशी. मुलगा सॉल आधीच इस्रायलला गेला होता. बीरशेबाला एका कारखान्यात फिटर होता. आईबाबांनी आता तिकडेच यावं म्हणून त्याने सगळी खटपट केली होती आणि माघ संपायच्या आत निघायचं ठरलं होतं. शेजारचे दिनानाथ, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, पासपोर्ट उलटसुलट करून फोटोतल्या हायमरावांच्या नाकाची छाया कशी चुकली आहे ते सांगत होते. मध्येच ते म्हणाले,

"पण हायमराव, तिकडचे लोक विचारतील, तुमचं गाव कसं होतं हो? काय सांगाल?"

हायमरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे कचेरीचा पुढचा जिना आला. मग मागचा जिना आला. मग काहीच येईना.

अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस अशा प्रसंगी स्वस्थ बसत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं, "सिप्पोरा, जाण्याआधी मी तुला सगळं पनवेल दाखवणार आहे. तळी, बंदर, खाडी, पार मिठागरांपर्यंत. तुझं सगळं आयुष्य या चुलीपाशी गेलं, मला कळतं ते."

सिप्पोराबाई बोंबील साफ करत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

या 'बरं'चा अर्थ हायमरावांनी 'आनंद झाला' असा लावला. केस पांढरे होईपर्यंत संसार केलेल्या माणसाला बायकोचं 'बरं' वाचता येत नाही, आणि त्याच माणसाचं मोडी वाचन सगळ्या तालुक्यात वाखाणलं जातं, याला काय म्हणावं!

वाहनाचा प्रश्न दिनानाथांनी सोडवला. टांगा रस्ता सोडून जात नाही, पायी जायला हायमरावांचे गुडघे राजी नाहीत, तेव्हा सायकल. हायमरावांना सायकल येत नव्हती, ही अडचण दिनानाथांना अडचण वाटली नाही. "सायकल म्हणजे काय? दोन वर्तुळं आणि एक त्रिकोण. मी फळ्यावर हात न उचलता काढतो."

नाक्यावरचे दाऊदभाई मुकादम सायकली भाड्याने देत. त्यांनी एक काळी, उंच, पोक्त सायकल बाहेर काढली, फडक्याने सीट पुसली आणि म्हणाले, "हायमसाब, सायकल इमानदार जनावर हाय. फकत तिच्यावर शक घेऊ नका. शक घेतला की ती पण घेते."

पुढचा आठवडाभर हायमराव तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत सायकलीवर शक घेत होते. दिनानाथ मागून कॅरिअर धरून पळत आणि "नजर क्षितिजावर! क्षितिजावर!" असं ओरडत. क्षितिजावर नजर ठेवल्यामुळे अलीकडचं काही दिसत नसे. तिसऱ्या दिवशी हायमराव दिनानाथांच्याच बायकोने, सत्यवतीबाईंनी, वाळत घातलेल्या गोधडीत शिरले आणि ती अंगाभोवती गुंडाळून पलीकडे बाहेर पडले. सत्यवतीबाई धावत आल्या. म्हणाल्या, "गोधडी मी पुन्हा शिवीन हो भावजी, तुम्हांला कोण शिवणार?" कचेरीत ज्यांच्यापुढे तलाठी उभे राहून बोलत, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. सिप्पोराबाई मात्र हसल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने खोबरेल तेल गरम करून पुढे ठेवलं.

शनिवारी सांजेला शब्बाथचा विसावा सरला आणि त्या हलवा करायला बसल्या. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून करतात तो, सणाचा हलवा. परात भरून. हायमराव मनात म्हणाले, पाहा, सहलीची केवढी हौस बिचारीला! आधी का नाही नेलं आपण हिला कुठे?

रविवारी उजाडता उजाडता दोघं निघाली. हायमरावांनी पँटच्या पायांना क्लिपा लावल्या होत्या, डोक्यावर टोपी होती. सिप्पोराबाई कॅरिअरवर एका अंगाला बसल्या, मांडीवर हलव्याचा डबा. सायकल पहिल्यांदा तळ्याकडे, मग गटाराकडे, मग शेवटी हायमरावांच्या मनाप्रमाणे चालली. वडाळे तळ्यावर धुकं होतं. हायमरावांनी गॅझेटियर वाचून तयारी केली होती. "हे तळं," ते धापा टाकत म्हणाले, "अतिशय जुनं आहे."

"खाली बघा, खड्डा आहे," सिप्पोराबाई म्हणाल्या.

नाक्यावर पोलिसाने हात आडवा केला. थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे दिनानाथांनी शिकवलं नव्हतं. म्हणून हायमराव पोलिसाला वळसा घालून दोनदा फिरले आणि तिसऱ्या फेरीला खांबाला टेकले.

"डबलसीट," पोलीस म्हणाला. "आणि कराचा बिल्ला गेल्या सालचा."

हायमराव खाली उतरले आणि टोपी सारखी केली. "मी मामलेदार कचेरीचा अव्वल कारकून होतो."

"मग कायदा तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार."

हायमरावांनी स्वतः आयुष्यभर याच वाक्याने लोकांना गप्प केलं होतं. ते खिशात हात घालणार, तोच पोलिसाची नजर मागे गेली आणि त्याने चक्क टाचा जुळवल्या. "अरेच्चा, मावशी! तुम्ही? आधी नाही का सांगायचं! आमची बेबी आता चालायला लागली."

हायमरावांना पुढे कळलं ते असं की पोलिसाची बायको बाळंतपणात अडली होती तेव्हा रात्रभर सिप्पोराबाई तिच्या उशाशी होत्या. हे केव्हा झालं? तुम्ही पेणला साक्षीला गेला होता ना, तेव्हा. मला सांगितलं का नाहीस? सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात.

सिप्पोराबाईंनी डबा उघडून हलव्याची मोठी वडी पोलिसाच्या हातावर ठेवली. "सण ना वार, हलवा कसला मावशी?" त्याने विचारलं. "असाच," त्या म्हणाल्या. "बेबीला दे." आणि जरा थांबून, "नीट वाढव तिला."

कायद्याचा मान राखायचा म्हणून तिथून पुढे दोघं चालत निघाली. सायकल मधे. भाड्याने घेतलेल्या वाहनाला हाताने ढकलत नेणं यात अपमान आहे, पण त्यावर बसून पुन्हा खांब गाठणं यात जास्त आहे, असा हायमरावांनी विचार केला.

बंदरावर ओहोटी होती. दोन पडाव चिखलात कुशीवर पडले होते आणि वाळत्या मासळीचा वास हवेत उभा होता. हायमरावांनी सायकल भिंतीला लावली, घसा खाकरला आणि पूर्वी इथे केवढाली गलबतं येत ते सांगायला घेतलं. "एके काळी या बंदरात..."

"शिपराबाय!" मागून हाक आली.

हौसा कोळीण टोपली कमरेवर घेऊन धावतच येत होती. तिने सिप्पोराबाईंचे दोन्ही हात धरले. तिच्या मागून आणखी दोघीतिघी आल्या. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाचा दमा कसा आहे, असं बोलणं सुरू झालं ते थांबेना. हायमरावांची गलबतं तशीच अर्ध्यात बुडाली. एकीने त्यांच्याकडे बोट करून विचारलं, "ह्ये कोन?" आणि हौसा म्हणाली, "आगं, तिचा घरवाला आसंल."

आसंल! बत्तीस गावांचा दप्तर-अंमल चालवलेल्या माणसाची ही ओळख. हायमराव दूर जाऊन एका नांगरावर बसले. तिथून त्यांनी पाहिलं की डबा पुन्हा उघडला आहे आणि बायको प्रत्येकीच्या हातावर वडी ठेवते आहे. हातावर सांडलेला चुराही तिने एका म्हातारीला भरवला. हौसा म्हणाली, "फुडल्या ऐतवारी ताजी बोयटं ठेवतंय तुज्यासाठी. येतंस ना?"

"येते की," सिप्पोराबाई म्हणाल्या.

हायमराव चमकले. पुढच्या रविवारी सामान बांधायचं होतं आणि त्याच्या पुढच्या रविवारी ते पनवेलात नसणार होते.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?" बंदर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"काय?"

"आपण जातो आहोत ते."

सिप्पोराबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. "ऊन चढायच्या आत मिठागरं बघायची म्हणत होतात ना? इकडून बांधावरून जवळ पडेल."

तिला ही वाट कशी ठाऊक, हे विचारायचं हायमरावांच्या मनात आलं. पण सकाळपासून त्यांना जी उत्तरं मिळाली होती, ती पाहता आणखी प्रश्न विचारण्यात शहाणपण नव्हतं.

खाडीकडेने मिठागरांचा बांध जातो. एका बाजूला चिखल आणि तिवरांची झुडपं, दुसऱ्या बाजूला पाण्याचे चौकोनी वाफे आरशासारखे मांडलेले, आणि मधे जेमतेम माणूसभर वाट. रोडपालीच्या बाजूला मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. इथे पोलीस नव्हता आणि खांबही नव्हता. हायमरावांना वाटलं, दिवसभरात एकदा तरी आपण या बाईला सायकल चालवून दाखवली पाहिजे. ते चढून बसले. सायकल खरोखरच सरळ निघाली. वारा लागला. आयुष्यात प्रथमच पनवेल त्यांच्या दोन्ही अंगांनी पसरलं होतं, लांब कर्नाळ्याचा सुळका निळा दिसत होता, आणि त्यांच्या मनात आलं की हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं. मग त्यांनी क्षितिजावर नजर ठेवली.

बांध डावीकडे वळला. हायमराव वळले नाहीत.

वाफ्यात पाणी घोटाभरच होतं, पण त्याखाली गाळ होता. टोपी तरंगत पुढे गेली. सायकलीचं पुढचं चाक बांधाच्या दगडावर आपटून लाडवासारखं वळलं आणि हायमराव खाऱ्या पाण्यात बसले ते बसलेच. उठायला जावं तो पाय आणखी आत जाई आणि एक बूट तर गाळाने कायमचाच ठेवून घेतला.

"हलू नका!" कुणी तरी बाई ओरडली. "मालक, पाय ठिवू नका तितं, चिखल हाय! थांबा, आमी काडतो."

उंच, काटक, पिकल्या केसांची एक बाई फावडं टाकून गुडघाभर गाळातून चालत आली. हायमरावांना बगलेत धरून तिने पोतं काढावं तसं बाहेर काढलं आणि बांधावर ठेवलं. मग सिप्पोराबाईंना म्हणाली, "आज उशीर झाला गो तुला. मी कवाची वाट बगतंय."

हायमरावांनी डोळ्यांतलं खारं पाणी पुसलं आणि बाईकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटत होता.

"ही रंभा," सिप्पोराबाई म्हणाल्या. "तमारची दूधआई."

हायमरावांना आठवलं. तमार त्यांची थोरली. तिच्या जन्मानंतर सिप्पोरा तापाने फणफणली होती, अंगावर दूध नव्हतं, आणि दारोदार मीठ विकायला येणारी एक लेकुरवाळी बाई सकाळ-संध्याकाळ येऊन पोरीला पाजून जाई. पोर सुधारली तेव्हा हायमरावांनी त्या बाईला लुगडं-चोळी दिली आणि प्रकरण निकालात काढलं. पुढे तमार सातव्या वर्षी विषमज्वराने गेली. त्यानंतर त्या घरात तमारचं नाव कुणी घेतलं नव्हतं. म्हणजे हायमरावांनी घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणी कुठे घेत असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

रंभाने त्यांना झोपडीपुढे बसवलं आणि गोड्या पाण्याने त्यांच्या सदऱ्यावरचा गाळ धुवायला घेतला. सिप्पोराबाई शेजारी बसल्या. त्या दोघी आठवड्याच्या आठवड्याला अशा बसत असाव्यात हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. त्यांनी भरवलेली शेवटची वडी खात रंभा म्हणाली, "आज हलवा? कंचा सण?"

"असाच."

"फुडच्या ऐतवारी मी वाल ठेवतंय. आलीस का घेऊन जा."

"बरं. येते," सिप्पोराबाई म्हणाल्या.

आता हायमराव भिजले होते, त्यांचा एक बूट गेला होता, टोपी समुद्राच्या दिशेने निघाली होती, आणि सकाळपासून त्यांना कुणी ओळखलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, कशाला खोटं सांगतेस तिला? रंभाबाई, आम्ही चाललो. इस्रायलला. कायमचे."

रंभाचा हात सदऱ्यावर थांबला.

"कायमचं म्हंजे? शिमग्याला येताव?"

"नाही."

"दिवालीला तरी?"

"परत नाही यायचं. आमचा मुलगा तिथं आहे, सॉल."

"आनि पोर?"

"अहो, तोच सांगतोय, सॉल तिकडं..."

"तो नाय," रंभा म्हणाली. "माजी पोर. तिच्याकडं कोन बगल?"

सिप्पोराबाईंनी मान खाली घातली. खाडीवरून वारा येत होता आणि मिठाच्या ढिगावर अंथरलेली चटई फडफडत होती. रंभाने पुन्हा सदरा धुवायला घेतला, पण आता ती तो इतक्या जोराने घासत होती की एक बटण तुटून उडालं. ते कुणी शोधलं नाही.

"मला सांगता येत नव्हतं," सिप्पोराबाई म्हणाल्या. नवऱ्याला की रंभाला, ते कळलं नाही. "तीन रविवार झाले, ठरवून येते. इथं बसते आणि उठून जाते. ह्यांनी सांगून टाकलं ते बरंच झालं."

हे 'बरं' मात्र हायमरावांना वाचता आलं.

परतायची वेळ झाली तेव्हा सायकलीचा प्रश्न उभा राहिला. वाकलेलं चाक फिरेना. रंभाने पदर कमरेला खोचला, चुंबळ केली आणि सायकल उचलून सरळ डोक्यावर घेतली. हायमराव "अहो, अहो" करत राहिले. ती चालूही लागली होती.

पनवेलच्या बाजारपेठेने त्या दुपारी जे दृश्य पाहिलं ते पुढे कित्येक दिवस तिच्या तोंडी होतं. पुढे रंभा, डोक्यावर आडवी सायकल. मागे सिप्पोराबाई, हातात रिकामा डबा. आणि सगळ्यांत मागे मीठ फुलून पांढरेफटक झालेले, एका पायात बूट आणि एका पायात मोजा घातलेले निवृत्त अव्वल कारकून. दाऊदभाई दुकानातून बाहेर आले, सायकलीकडे पाहिलं, हायमरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "शक घेतला" एवढंच पुटपुटले. दिनानाथ भाजीची पिशवी घेऊन समोरून आले. "हायमराव! अहो, क्षितिजावर..." ते म्हणायला लागले आणि का कोण जाणे, मधेच थांबले. मुकाट्याने बाजूला झाले. एरवी या अशा मिरवणुकीपेक्षा हायमरावांनी खाडीत जीव दिला असता. पण त्यांच्या डोक्यात रंभाचं 'तिच्याकडं कोन बगल?' हे एकच वाक्य फिरत होतं, आणि त्यापुढे बाजार त्यांना दिसत नव्हता.

दाऊदभाईंकडे सायकल टाकल्यावर घरचं वळण आलं. सिप्पोराबाई वळल्या नाहीत. रंभाही वळली नाही. हायमराव काही न विचारता त्यांच्या मागून गेले.

गावाबाहेर त्यांच्या लोकांची दफनभूमी आहे. हायमराव तिथे दुसऱ्यांच्या प्रेतयात्रांना येत, पण एका कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहत आणि मूठमाती देऊन लगेच परतत. आज ते फाटकातून आत आले आणि त्यांना कळेना, कुठे जायचं. तो कोपरा त्यांना आठवत होता तसा उरला नव्हता. थोरामोठ्यांचे दगड मधे आले होते, झुडपं माजली होती. सिप्पोराबाई पुढे जाऊन विहिरीवर पाणी काढत होत्या. हायमराव दगडांमधून वाकून नावं वाचत फिरले. बापाला आपल्या पोरीची जागा सापडत नव्हती.

"त्या तगरीच्या खाली, मालक," भिंतीपलीकडून रंभाने सांगितलं.

ती आत आलीच नव्हती. रस्त्याच्या बाजूला भिंतीला हात टेकून उभी होती. तिथल्या भिंतीचा गिलावा हात टेकून टेकून गुळगुळीत झाला होता.

"तुम्ही आत नाही आलात?" हायमरावांनी विचारलं.

"मी हितनंच बगतंय. दर बारीला."

"दर वेळेला? इतकी वर्षं?"

"तुमच्या देवाची जागा. शिपराबाय म्हनते, ये, ये. पन बायांच्या सांगन्यावर कसा जावाचा? घरच्या पुरुषानं सांगाय पायजे. आनि तुमी..." ती थांबली. तिला टोचून बोलायचं नव्हतं. "तुमी कवा आलाच नाय."

हायमराव एका बुटाने लंगडत फाटकापर्यंत गेले, दोन्ही दारं पूर्ण उघडली आणि म्हणाले, "आत या, रंभाबाई."

तगरीखाली लहानसा दगड होता. नाव वरती हिब्रूत, खाली मराठीत. दगड स्वच्छ होता, नुकताच धुतल्यासारखा. रंभा त्याच्याजवळ बसली, आणि इतकी वर्षं लांबून पाहिलेल्या त्या दगडावर तिने हात ठेवला. मग तिला रडू आलं. मोठ्याने, मोकळ्याने, तिच्या लोकांत रडतात तसं ती रडली. सिप्पोराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हायमरावांना आपलंही रडणं असंच बाहेर यावं असं वाटलं, पण ते इतक्या वर्षांचं आत बसलेलं होतं, त्याला वाट सापडेना. शेवटी ते खाली बसले.

"सिप्पोरा," ते म्हणाले, "आपण नको जाऊ या. सॉलला मी लिहितो. तो समजून घेईल."

सिप्पोराबाईंनी तगरीची पिवळी पानं एकेक वेचून बाजूला केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "जायचं. सॉल तिथं एकटा जेवतो, एकटा झोपतो. मी इतकी वर्षं इकडे येऊन बसले. तो लहान होता, घरी वाट बघायचा, आई कुठं गेली म्हणून. आता त्याच्याजवळ बसायला हवं मला." त्यांनी डोळे पुसले. "फक्त जाईपर्यंत रोज इथं येऊ या. दोघं."

"रोज येऊ," हायमराव म्हणाले.

आणि तसे ते रोज आले, पायी, निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. बाकीचं पनवेल पाहायचं राहून गेलं.

पण त्या दुपारी तिघं उठायला लागली तेव्हा रंभा बसूनच राहिली. तिला काही तरी विचारायचं होतं. पदराशी चाळा करत म्हणाली, "मालक, मी येत जाईन. जवर पाय चालतील तवर येईन. पन तुमी लोक त्या पुस्तकातला म्हनताव, तो मना येत नाय. मी आपली बसन, आमच्या बोलीत काय-बाय बोलन. पोरीला समजल ना?"

हायमरावांना एकदम तमारचा आवाज ऐकू आला. इतक्या वर्षांत प्रथमच, अगदी स्पष्ट. ती दूध नको असलं की मान हलवून 'नाय' म्हणायची. ते पाटीवर लिहून दाखवत, 'नाही' म्हण, बेटा, नाही. ती हसायची आणि पुन्हा म्हणायची, 'नाय'.

"समजेल, रंभाबाई," ते म्हणाले. मग चेहरा दुसरीकडे करून म्हणाले, "ती तुमच्यासारखीच बोलायची."